ओट्याचा ग्रॅनाइट आणि शेफिल्डची वाळू

(हा या भागाचा लेखी मजकूर आहे. ऐकताना जे दोन आवाज येतात ते कंसात लिहिलेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय, थोडं आवरून.)

इअरफोन लावले असतील तर आवाज जरा वाढवा. आधी दोन आवाज ऐकवते.

(पहिला आवाज : टिंऽऽग.)

(दुसरा आवाज : ठक.)

पहिला आवाज चांगल्या ग्राइंडिंग व्हीलचा आहे, दुसरा तडा गेलेल्या. व्हील बोटावर किंवा दांड्यावर अडकवायचं, लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारायची आणि ऐकायचं. घंटेसारखं वाजलं तर मशीनवर चढवायचं, मेल्यासारखं वाजलं तर फेकून द्यायचं. याला रिंग टेस्ट म्हणतात. मडकं घेताना आपली आजी वाजवून बघायची ना, अगदी तसंच. आणि हे उगाच नाही. फिरताना व्हील फुटलं तर त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात.

मी हे शिकले नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक कॉम्प्युटर. माझ्या बॅचची पोरं फिनटेकमध्ये, गेमिंगमध्ये गेली. मी गेले घासायची आणि कापायची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीत. नाव सांगत नाही, पण ग्राइंडिंग व्हील, कटिंग डिस्क, डायमंड ब्लेड, असला सगळा माल. लग्नकार्यात कुणी विचारलं, ‘काय करतेस गं?’ की मी नुसतं ‘आयटी’ म्हणायचे आणि विषय बदलायचे. धार लावायच्या दगडाच्या कंपनीत आहे म्हणून काय सांगायचं?

आता सांगते. आणि आजचा भाग त्याच्यावरच आहे. पण तो माझ्या ऑफिसात सुरू होत नाही, इंग्लंडमध्ये सुरू होतो.

शेफिल्ड

शेफिल्ड म्हणजे सुऱ्या, कात्र्या, काटे, वस्तरे यांचं गाव. गावातून ओढे-नद्या वाहतात, त्यांच्या पाण्यावर चाकं फिरायची, आणि त्यांना जोडलेले असायचे मोठमोठे वाळूच्या दगडाचे घाणे. धार लावणारा माणूस त्या फिरत्या दगडामागे घोड्यावर बसावं तसा बसायचा, दोन्ही बाजूंना पाय टाकून, पुढे वाकून. सुरी दगडावर टेकवायची, ठिणग्या उडायच्या, दगडही झिजायचा. दगडाचं काय व्हायचं? धूळ. कुठे जायची? थेट वाकलेल्या माणसाच्या तोंडावर.

हा दगड म्हणजे वाळू, आणि वाळू म्हणजे क्वार्ट्झ. रसायनशास्त्रात सिलिका. वाळूत खेळून कुणी मरत नाही, कारण तिचे कण मोठे असतात. पण तीच दळून इतकी बारीक केली, की कण केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही लहान होतो, तर तो नाकात अडत नाही, घशात अडत नाही, फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातो आणि तिथेच राहतो. शरीर त्याला खायला बघतं, खाता येत नाही, आणि त्या भांडणात फुप्फुसावर व्रण पडत जातात. व्रण वाढतात, श्वास आखडतो. आज याला सिलिकोसिस म्हणतात. यावर आजही बरं करणारं औषध नाही, आणि झालेला व्रण परत फिरत नाही. वर टीबीचा धोका वाढतो तो वेगळाच.

शेफिल्डचे लोक याला ‘ग्राइंडरांचा दमा’ म्हणायचे. तिथल्या डॉ. नाइट यांनी याचा अभ्यास केला होता, आणि फ्रेडरिक एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात त्यांचाच आधार घेतला. त्यात नोंद आहे ती अशी : कोरडं घासणारे कामगार जेमतेम ३५ वर्षं जगायचे. दगडावर पाणी सोडून ओलं घासणारे, ४५ च्या पुढे क्वचित.

गाव तेच, धंदा तोच, दगडही तोच. मधला फरक पाण्याचा. त्या पाण्याची किंमत दहा वर्षांचं आयुष्य. हा आकडा लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्याकडे.

पूर्वी हे काम ओढ्याकाठी चालायचं. ओढा आटला की चाक बंद. मग वाफेची इंजिनं आली, कामं गावात बंदिस्त खोल्यांत आली, आणि वर्षभर चालू राहिली. एका खोलीत अनेक दगड. प्रगती झाली आणि धूळ वाढली.

आणि आता सगळ्यात विचित्र गोष्ट. धूळ ओढून घेणारे पंखे, चुंबक लावलेले मुखवटे असे उपाय तेव्हाच निघाले होते. कामगारांनी ते नाकारले. काही ठिकाणी मोडून टाकले. एंगल्सने त्याचं कारणही दिलंय : काम सुरक्षित झालं तर जास्त लोक या धंद्यात येतील आणि मजुरी पडेल, अशी त्यांना भीती होती. म्हणजे मरणाचा धोका हीच त्यांची भाववाढ होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, काय वेडे लोक. पुढे ऐका, मग सांगा कोण वेडं.

निळे खडे

आता अमेरिकेत जाऊ. १८९१, पेनसिल्व्हेनियातलं मोनोंगाहेला नावाचं गाव. एडवर्ड अ‍ॅचिसन नावाचा माणूस. हा एकेकाळी एडिसनकडे नोकरीला होता. त्याला वीज वापरून काहीतरी कठीण पदार्थ बनवायचा होता. त्याने लोखंडी भांड्यात माती आणि कोकची पूड घातली, मधे कार्बनची कांडी खोचली आणि जबरदस्त वीज सोडली. थंड झाल्यावर पाहिलं तर कांडीच्या टोकाला बारीक चमकदार कण चिकटलेले. त्याने ते पेन्सिलीच्या टोकाला लावले आणि काचेवरून ओढले. काचेवर ओरखडा!

त्याला वाटलं, हे कार्बन आणि कोरंडम यांचं मिश्रण आहे. म्हणून नाव दिलं कार्बोरंडम. नाव चुकलं. तो होता सिलिकॉन कार्बाइड. पण त्या चुकीच्या नावात आपला एक शब्द अडकून राहिला. कोरंडम हा शब्द युरोपात गेला तो आपल्याकडून. तमिळमध्ये कुरुंदम, मराठीत कुरुंद. लाखेत कुरुंदाची पूड मिसळून त्याची चाकं करायची आणि रत्नं घासायची, ही आपल्याकडची जुनी रीत. तलवारींना पाणी देऊन लखलखीत करणारे शिकलगार आपल्याकडे होतेच. त्यांच्यातलीच काही मंडळी पुढे ‘सुरी-कात्रीला धाऽऽर’ अशी हाळी देत गल्लोगल्ली फिरू लागली. म्हणजे मी ज्या धंद्याला लाजत होते तो धंदा जगात मिरवत होता आपलंच नाव लावून.

तर, अ‍ॅचिसन. सुरुवातीला माल इतका थोडा निघायचा, की त्याने तो न्यूयॉर्कच्या रत्न घासणाऱ्यांना कॅरटवर विकला, ४० सेंट कॅरट. मग आली खरी ऑर्डर. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेचे दिवे लावायचं काम वेस्टिंगहाऊसने घेतलं होतं. एडिसनच्या दिव्याच्या पेटंटमधून सुटायला त्यांनी वेगळा दिवा काढला, काचेचं बूच बसवलेला. ते बूच नेमकं बसायला काच घासावी लागायची. त्यासाठी अ‍ॅचिसनला छोट्या व्हीलची ऑर्डर मिळाली. किती? ६०,०००. म्हणजे एडिसनच्या जुन्या नोकराने एडिसनच्या प्रतिस्पर्ध्याला वाचवलं. नोकरी बदलणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट जपून ठेवावी.

१८९५ मध्ये त्याने कारखाना नायगारा धबधब्याजवळ नेला, कारण तिथे स्वस्तात वीज तयार व्हायला लागली होती. भट्टीत काय घालायचे? कोक आणि वाळू. हो, वाळू! शेफिल्डमध्ये जिने माणसं मारली ती सिलिका. २,००० अंशांच्या वर तापवली की वाळूतला ऑक्सिजन कार्बनबरोबर निघून जातो, आणि उरतो तो सिलिकॉन कार्बाइड. वाळूहून कितीतरी कठीण.

तिकडे मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात दुसरी गोष्ट चालू होती. तिथे नॉर्टन यांचा कुंभारकामाचा कारखाना होता. त्यांच्याकडच्या स्वेन पुलसन नावाच्या स्वीडिश कुंभाराने १८७० च्या दशकात घासायचे कण मातीत कालवून, मडकं भाजतात तसं चाक भाजून काढलं. १८८५ मध्ये त्यातूनच नॉर्टन एमरी व्हील कंपनी निघाली. म्हणून तर व्हील मडक्यासारखं वाजवून बघतात. ते मडकंच आहे!

आणि या व्हीलची खुबी अशी की ते झिजतं म्हणूनच चालतं. बोथट झालेला कण निखळतो, खालचा नवा धारदार कण वर येतो. कण सुटायलाच तयार नसतील तर व्हील नुसतं तापतं आणि काम जाळतं. फार पटकन सुटले तर व्हील दोन दिवसांत संपतं. कण किती घट्ट धरायचा, यातच सगळी कारागिरी आहे.

याचा परिणाम? नॉर्टनच्या कंपनीत चार्ल्स नॉर्टन नावाचा एक इंजिनिअर होता. आडनाव सारखं, नातं काही नाही. त्याने १९०३ मध्ये गाडीच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट घासायचं मशीन केलं. ज्या कामाला पाच तास लागायचे ते १५ मिनिटांत. या यंत्राशिवाय लाखो स्वस्त मोटारी निघाल्या नसत्या. तुमच्या बाइकच्या इंजिनात, बेअरिंगमध्ये, लिफ्टमध्ये जे जे गुळगुळीत फिरतंय, ते कधी ना कधी व्हीलखालून गेलेलं आहे.

भारतातही हे आलं. १९४१ मध्ये, युद्ध चालू असताना, उरणजवळच्या मोऱ्याला ग्राइंडवेल कंपनी सुरू झाली. भाऊच्या धक्क्यावरून लाँच जिथे लागते ना, तेच मोरा. १९५४ मध्ये मद्रासला मुरुगप्पा मंडळींनी एका अमेरिकन आणि एका ब्रिटिश कंपनीबरोबर कार्बोरंडम युनिव्हर्सल काढली. त्यातलं कार्बोरंडम म्हणजे अ‍ॅचिसनचं चुकलेलं नाव, मूळच्या तमिळ मुलखात परत आलेलं.

आता मुद्दा. नव्या व्हीलमध्ये वाळूचा दगड नव्हता. व्हील झिजून जी धूळ व्हायची ती सिलिकाची नव्हती. जसजसं हे व्हील पसरलं तसतसा धार लावणाऱ्यांचा जुना काळ मागे हटला. एका शोधाने अख्ख्या धंद्याच्या छातीवरचं ओझं उतरवलं. पण अ‍ॅचिसनने काही कामगारांसाठी हे केलं नव्हतं. त्याला कठीण पदार्थ हवा होता. गिऱ्हाइकांना वेग हवा होता. कामगारांचा जीव वाचला तो वरकड, फुकट मिळालेला.

फुकट मिळालेल्या गोष्टीची एक भानगड असते. ती टिकवायची कुणाला सवय नसते.

हिरा स्वस्त झाला

१६ डिसेंबर १९५४ ला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी माणसाच्या हाताने हिरा बनवला. साधारण १ लाख वातावरणांइतका दाब, आणि भट्टीसारखी उष्णता. हॉल पुढे सांगायचे, की कंपनीने त्यांना बक्षीस म्हणून १० डॉलरचा बाँड दिला. तुमचं इन्क्रिमेंट आठवून रडू नका.

हा हिरा अंगठीचा नव्हे. पिवळट, बारीक, वाळूसारखा. पण तो धातूच्या पुडीत दाबून, भाजून, पोलादी चकतीच्या कडेला बसवला की झालं डायमंड ब्लेड. आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतं. हातात मावणाऱ्या मार्बल कटरला लावा आणि ग्रॅनाइट पापडासारखा कापा.

ग्रॅनाइट. म्हणजे काय, तर त्यात वीस टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झ. म्हणजे सिलिका.

लक्षात आलं का काय झालं? वाळू चाकातून गेली आणि कामात परत आली. पूर्वी दगडाने लोखंड घासायचो, दगडाची धूळ व्हायची. आता हिऱ्याने दगड कापतो, धूळ दगडाचीच. ब्लेड बिचारं निर्दोष. आणि पूर्वी दगड कापायला मोठा कारखाना लागायचा, आता तो कुणीही कुणाच्याही घरात कापतो.

गुजरातेत खंबातला अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस आहे हे डॉक्टरांनी केव्हाच नोंदवलंय. अकीक म्हणजेही सिलिका. राजस्थानात खाणी आणि दगडकाम करणाऱ्यांसाठी सरकारला २०१९ मध्ये वेगळं धोरण काढावं लागलं. ऑस्ट्रेलियात तर किचनच्या ओट्यासाठी कृत्रिम क्वार्ट्झची फरशी कापणारी तरुण पोरं इतकी आजारी पडली, की तिथल्या सरकारने १ जुलै २०२४ पासून त्या फरशीवरच बंदी आणली.

हे सगळं मला कधी कळलं? इथे मी येते.

आमचा ओटा

माझं काम म्हणजे कंपनीचं कॅटलॉग अ‍ॅप. दुकानदार किंवा मिस्त्री त्यात निवडतो : काय कापायचंय, कुठलं मशीन, किती इंची. अ‍ॅप सांगतं कुठली डिस्क घ्या. त्यात वेगाचं गणित मीच लिहिलंय. बहुतेक डिस्कची मर्यादा सेकंदाला ८० मीटर. तासाला २८८ किलोमीटर! ४ इंची, म्हणजे १०० मिलिमीटरच्या डिस्कला मिनिटाला साधारण १५,३०० फेरे चालतात. ७ इंचीला फक्त ८,५००. छोट्या ग्राइंडरचं गार्ड काढून त्यावर मोठी डिस्क चढवणारे लोक आहेत. ते मशीन ११,००० ला फिरतं. डिस्क फुटते. म्हणून अ‍ॅपमध्ये लाल पट्टी येते. तिचा मला अभिमान आहे.

त्याच पडद्यावर आधी आणखी एक चिन्ह होतं, पाण्याचा थेंब. म्हणजे ‘पाणी सोडून कापा’. दोन वर्षांपूर्वी आम्ही पडदा सुटसुटीत केला. लोक मधेच अ‍ॅप सोडून जात होते, म्हणून पायऱ्या कमी करायच्या होत्या. थेंब गेला तिसऱ्या टॅबमध्ये, ‘अधिक माहिती’खाली. तो बदल मी केला. मीच तपासला. संध्याकाळी टीमबरोबर वडापाव खाल्ला. तिसरा टॅब कोण उघडतं? आमच्याच आकड्यांनुसार जवळजवळ कुणी नाही.

मग गेल्या वर्षी घरी आईने ओटा बदलायला काढला. मिस्त्री आला, उदगीरकडचा, २४ वर्षांचा. बाल्कनीत बसून सिंकचं भोक कापायला लागला. कोरडं. दहा मिनिटांत तुळस पांढरी, माझ्या भावाचे वाळत घातलेले शर्ट पांढरे, त्याच्या पापण्या पांढऱ्या. तोंडाला रुमाल. मी खाली पडलेलं ब्लेडचं पाकीट उचललं. आमच्याच कंपनीचं.

म्हटलं, ‘दादा, पाणी का नाही मारत?’

तो म्हणाला, ‘ताई, पाणी मारलं की चिखल होतो, खालच्या मजल्यावर गळतो. मग खालचे ओरडतात, सोसायटीवाले दंड लावतात. ते पैसे माझ्याच हिशेबातून जातात. कोरडं लवकर होतं.’

‘कधीपासून करतोस हे?’

‘सोळाव्या वर्षापासून.’

‘खोकला येतो का?’

तो हसला. म्हणाला, ‘धूळ कुणाला चुकली?’ आणि परत मशीन चालू केलं.

मंडळी, मी त्या रात्री शेफिल्डचं वाचत बसले. म्हणून हा भाग निघाला. तेव्हा पंखे मोडणारे कामगार मला वेडे वाटले होते. पण त्यांचा हिशेब आणि या पोराचा हिशेब एकच आहे. आज मिळणारी मजुरी समोर दिसते. छातीतला व्रण दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. आणि काळजी घेण्याचा खर्च दर वेळी त्याच्याच खिशातून जातो. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडतात, सोसायटी दंड लावते, आम्ही थेंब लपवतो, आणि वर म्हणतो, ‘हे लोक ऐकतच नाहीत.’

डिस्क फुटली तर लगेच रक्त दिसतं, म्हणून लाल पट्टी पहिल्या पडद्यावर. धूळ हळू मारते, म्हणून थेंब तिसऱ्या टॅबमध्ये. हे कुणी दुष्टपणे ठरवलं नव्हतं. मी ठरवलं होतं, चांगला रिव्ह्यू मिळावा म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात मी थेंब परत पहिल्या पडद्यावर आणायची विनंती टाकली. मॅनेजर म्हणाले, ‘लोक अ‍ॅप सोडतील, मग?’ मी म्हटलं, ‘सोडतील थोडे.’ तीन मीटिंगा झाल्या. शेफिल्डचे ३५ आणि ४५ मी स्लाइडवर टाकले. अखेर दगड निवडला की थेंब समोर येतो आणि त्याच्याशेजारी पाण्याची नळी असलेला कटर आधी दिसतो, एवढं मान्य झालं. अ‍ॅप सोडणारे थोडे वाढले. त्यावर दर महिन्याला मला विचारतात, आणि दर महिन्याला मी तेच उत्तर देते. अजून तरी थेंब जागेवर आहे.

त्या मिस्त्रीला मी फोन करून छातीचा एक्स-रे काढायला सांगितलं. तो म्हणाला, ‘काम संपलं की बघू ताई.’ काम अजून संपलेलं नाही.

तर आता तुमचं काम. तुमच्या घरी, मित्राच्या घरी, ऑफिसात ओटा किंवा फरशी बसणार असेल, तर कामाआधीच ठरवा : सिंकचं भोक, कडा, जे कापता येईल ते दुकानातूनच पाण्याखाली कापून आणायचं. घरी कापायचंच असेल तर नळीचा कटर आणि ईएलसीबी लावलेलाच प्लग, कारण पाणी आणि वीज एकत्र आहेत. खाली चिखल गेला तर तो तुम्ही पुसा, आणि खालच्यांना आदल्या दिवशी तुम्ही जाऊन सांगा. रुमाल बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क बराच अडवतो. चार आणून ठेवा, आणि मिस्त्रीच्या मदतनीसालाही द्या, तो बहुधा त्याच्याहून लहान असतो. यासाठी जो वेळ जास्त लागेल त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

हा भाग आवडला तर घराचं काम काढलेल्या एखाद्याला पाठवा. मला नाही आवडला तरी चालेल, त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात.